मागचं संगीत

गोवर्धन सुंचूनं पत्र वाचून दाखवलं नाही.
माझ्या हातात दिलं
आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेला.

मी जॉबर माणूस. पाना, पक्कड, ग्रीस.
सरकारी मराठी मला दोनदा वाचावी लागते.

एकूण संगीत एक्केचाळीस मिनिटं.
पैकी यंत्राचा आवाज, एकोणीस.
पैकी पूर्वापार प्रचलित अंगाई, सहा.
उर्वरित भाग नियमात बसत नाही.
सबब, प्रवेशिका अपात्र.

पत्राच्या पाठीवर वजाबाकी करून बघितली.
सोळा. बरोबर होती.

यंत्राचा आवाज म्हणजे माझा सात नंबरचा माग.
मे महिना, रात्रपाळी, घोंगडे वस्तीतले पत्रे
बारा वाजले तरी तापलेलेच,
आणि हा पठ्ठ्या कानाला हेडफोन लावून
मागाशेजारी फरशीवर आडवा.
म्हणाला, जरा लंगडा कर की बे याला.

मी पिकरचा पट्टा ढिला केला,
चामड्याचा एक तुकडा आत कोंबला.
धोटा जाताना नीट जायचा,
येताना मात्र पाय घासत यायचा,
उसने मागायला जाऊन
रिकाम्या हातानं परतल्यासारखा.
तीन रात्री हेच.
नऊ चादरी बाद. शेठनं माझ्या हप्त्यातून कापल्या.

मग हा यंत्राचा आवाज कसा?
यंत्र आपणहून तसं वाजतच नाही.
ते नीट वाजतं.

आणि अंगाई तर लच्चव्वाची, त्याच्या आईची.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
तेलुगूत चार ओळी म्हणायची,
पुढचे शब्द आठवले नाहीत की
तिथं पान कापायची कात्री चालवायची, कच कच,
आणि परत पहिल्यापासून.
पूर्वापार म्हणे.
त्या सुपाशेजारी आम्ही दोघंच झोपायचो.

कमिटीतल्या एका भल्या माणसानं
त्याला फोनवर सांगितलं होतं म्हणे,
खरं सांगू का, राग मानू नका,
पिक्चर बघताना संगीत असं लक्षातच आलं नाही.
हे सांगताना गोवर्धन इतका हसला
की टपरीवाल्यानं वळून बघितलं.

पार्श्वसंगीत म्हणजे मागचं.
आमच्या गल्लीत हा शब्द दोनदा लागू पडतो.

सोलापुरी चादरीला पाठ असते.
पुढं लाल जमिनीवर पांढरा मोर,
मागं पांढऱ्या जमिनीवर तोच मोर लाल.
जाणतं गिऱ्हाईक आधी चादर उलटतं,
बोटं फिरवतं, मग भाव विचारतं.
पत्राखाली तीन सह्या होत्या, झोकदार.

पिक्चर इथं लागला तेव्हा
सुट्टीच्या दिवशी तीनच्या खेळाला आमची अख्खी शेड गेली.
त्या सीनला बाई दाराला आतून कडी घालते
आणि माग थांबतो.
अकरा सेकंद काहीच नाही.
(ही अकरा कुठल्या खात्यात धरली
ते पत्रात लिहिलेलं नव्हतं.)
काहीच नाही म्हणजे काहीच नाही,
पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली,
आणि मागच्या रांगेत तिघं ताडकन उभे राहिले.
एक ओरडला, फ्यूज गेला का रे?
माझ्या शेजारी मलकप्पा, तीस वर्षं विणकर,
त्याचा उजवा हात अंधारात पुढं गेला होता,
हँडल शोधत.

चहा आला. बशीत सांडलेला.
गोवर्धननं पत्र परत घेतलं,
माझी वजाबाकी बघितली, घडी घातली.
मग म्हणाला, सात नंबर आता कसा चालतोय?

चालतोय, म्हटलं.
नीट.