जुनी पातळी

येडशीच्या अलीकडं, निजामाचा करोडगिरी नाका होता तिथं,
जिलानीचं पंक्चरचं दुकान आहे.
मी चौपदरीसाठी लेव्हल घ्यायला गेलो होतो.
रात्री त्याच्याच बाजेवर मुक्काम.

"अडीचला उठवतो साब, बघायचं असलं तर.
भिऊ नका. त्यांना आपलं काय देणंघेणं न्हाई."

खरंच नव्हतं.
बाई येडशीच्या अंगानं आली, डोक्यावर गाठोडं,
गुडघ्याच्या वर चार बोटांपासून खाली काहीच नाही.
डांबर कापत आली, जशी म्हैस तळ्यातून येते.
कारकून तिच्याहून बुडालेला:
रुमी टोपी, कोटाची दोन बटणं, मग रस्ता.
त्याच्या टेबलाची फळी डांबराच्या वीतभर वर.
कांद्याचा एक ट्रक त्या टेबलातून गेला.
दौतीतली शाई हलली नाही.

गाठोडं सुटलं.
एक लुगडं. भुईमुगाच्या शेंगा.
एक अंगडं, अजून कुणी न घातलेलं.
कनवटीची नाणी काढली, ती त्यानं वेगळी केली,
हाली इकडं, कलदार तिकडं,
आणि पुन्हा मोजली, आणि पुन्हा.

ती काहीतरी म्हणाली.
"पहिला शब्द 'मालक'," जिलानी कुजबुजला,
"पुढचा बावीस वर्षांत कळला न्हाई.
तेव्हाच पदर तोंडाला लावती."

मग कारकुनानं हात उचलला.
बोटं अर्धी मिटलेली.
शिक्क्यासाठी, की थोबाडीत द्यायला,
की जा बाई, जा, म्हणून?
तिथंच संपलं.
रस्त्यावर नुसता रस्ता.

पौषातच येतात. आभाळ आलं की येत नाहीत.
जिलानीनं कंदील ठेवून पाहिला, पाण्याचा तांब्या ठेवून पाहिला.
एकदा वाटेत आडवा झोपला, ती त्याच्यातून गेली.
थंडी वाजली नाही म्हणाला,
करडीच्या तेलाचा वास आला.

मला एवढंच येतं: मोजणं.
सकाळी टेप लावली. पंचावन्न सेंटिमीटर.
ट्रायल पिट घ्यायचाच होता,
म्हटलं, ती उभी राहते तिथंच घेऊ.
तीन थर डांबर, एक खडीचा, खाली दगडी सोलिंग,
आणि पंचावन्नला, अगदी पंचावन्नला, तांबूस मुरूम,
त्यात बैलगाडीची चाकोरी, हाडासारखी घट्ट.

त्या रात्री ती खड्ड्यात उतरली नाही,
तिच्यासाठी खड्डा नव्हताच,
ती आपल्या वाटेनं आली.
फक्त आम्हाला पाय दिसले.

एका पायात वहाण.
दुसरा अनवाणी, घोट्याला चिंधी, चिंधी ओली.
तो नाणी मोजायचा तेव्हा
ती अंग सगळं चांगल्या पायावर घ्यायची,
आणि तो पुन्हा मोजायचा.

"मी आपला तोंडच बघत बसलो," जिलानी म्हणाला.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
हात वर गेला. संपलं.

खड्डा बुजवताना त्यानं टायरची एक वहाण आत टाकली.
नियमात बसत नाही.
मी वहीत बघत होतो.

नवा रस्ता आणखी एक मीटर वीस वर जाणार.
हिशेब सोपा आहे, करायला नको होता:
बाई पूर्ण बुडेल.
गाठोड्याची गाठ तेवढी पांढऱ्या पट्टीवरून सरकत येईल,
नाक्याशी थांबेल, खाली जाईल.
मग काही वेळ काहीच नाही.
मग डांबरातून बोटांची टोकं वर येतील,
दोन, फार तर तीन,
अर्धी मिटलेली.

नकाशा धाराशिवला पाठवला.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
तेव्हा तिथली जुनी पातळी लिहिली,
दशांशानंतर तीन आकडे.