यजमान, पाहुणे

सभा शाळेच्या जिममध्ये होती,
बास्केटबॉलच्या जाळीखाली.
मैदान नको म्हणणारे आम्ही
मैदानाच्याच रेघांवर खुर्च्या टाकून बसलो.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
घड्याळ म्हणून भिंतीवरचा गुणफलक लावलेला.
लाल आकडे उलटे पळत होते
आणि त्यांच्याखाली
यजमान शून्य, पाहुणे शून्य,
कुणीतरी बंद करायचं विसरलेलं.

वेंडेल बूटिलिए पहिला उठला.
चाळीस वर्षं लॉब्स्टरच्या बोटीवर काढलेला माणूस,
कागद धरताना हात थरथरला.
म्हणाला, वादळानंतर डार्टमथचं पाणी जातं कुठं, ठाऊक आहे?
त्या पाणथळीत.
तुमचं प्लास्टिकचं गवत पिणार आहे का ते?
नाहीतर येऊ दे माझ्या तळघरात,
मी त्याला बिअर पाजतो.
लोक हसले. आकडे पळतच राहिले.

एनिड कोमो बेडकांबद्दल बोलली.
कडेचा बर्फ अजून मळकट पडलेला असतो,
आणि नखाएवढे बेडूक रात्रभर शीळ घालतात.
तिने घालून दाखवली.
सत्तरीतली बाई, लोकरी टोपी, ओठांचा चंबू.
पालिकेच्या माणसाने ते लिहून घेतलं नाही.
शीळ लिहिणार तरी कशी.

माझी पाळी आली. मी दिव्यांवर बोलले:
सहा खांब, अठरा मीटर, रात्री दहापर्यंत.
बोलायचं होतं लॉरीबद्दल.
त्याची खाट मी मागच्या खिडकीशी लावली आहे,
त्याला आता माणसं ओळखू येत नाहीत
पण अंधार ओळखू येतो.
अंधार पडला
की तो कामावर जायचे जोडे शोधायचं थांबवतो.
बोलले मात्र घरांच्या किमतींबद्दल.
कागदावर तेच टाइप केलेलं होतं.
भोंगा वाजला तेव्हा
माझं वाक्य क्रियापदापाशी आलं होतं.

मग ती मुलगी.
सेनाईत, वय अकरा, पलीकडच्या भाड्याच्या इमारतीतली.
स्टूल दिलं तर नको म्हणाली,
माइकच खाली ओढला.
आम्ही गाड्या लावायच्या जागेत खेळतो.
चेंडू ट्रकखाली गेला की
सगळ्यांत बारीक मुलाला आत पाठवतो.
एवढंच.
दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद उरले होते.
ती उभीच राहिली, ते संपेपर्यंत,
जणू ते तिचे होते
आणि तिला परत करायचे नव्हते.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कळेना.
एनिडने हातमोजे चढवले, उतरवले.

निर्णय ऑक्टोबरवर ढकलला.

त्याआधीच, मे महिन्यात एका रात्री
मोजणीच्या खुंट्या नाहीशा झाल्या,
नारिंगी फिती बांधलेल्या, अकराच्या अकरा.
पालिकेचा माणूस घरोघर फिरला.
संशय वेंडेलवर गेला. त्याला ते आवडलं,
मी नाही, म्हणतानासुद्धा छाती काढून म्हणाला.
मी त्या माणसाला चहा दिला
आणि कानांवर हात ठेवले.

ऑगस्टमध्ये कुंपणावरून चेंडू आला,
चेंडूमागे ती.
माझा घेवडा चढला होता
सारख्या उंचीच्या अकरा काठ्यांवर,
एकीची फीत काढायची राहिली होती.
तिने पाहिलं फितीकडे, मग माझ्याकडे,
मग खिडकीतल्या लॉरीकडे.
त्याने हात हलवला.
तो कुणालाही हलवतो, तिला काय ठाऊक.
तिनेही हलवला.

चेंडू काखेत घेऊन म्हणाली,
शेंगा धरल्यात.
म्हटलं, धरल्यात खऱ्या. नेशील?
तिने जर्सीचा ओचा केला, मी तोडत गेले,
फितीच्या काठीपाशीही थांबले नाही.
आठ वाजत आले होते, उजेड हटत नव्हता.
आत लॉरी कपाटं उघडत होता,
एकेक करून.