दाराचं एक टोक

ओतिया पुढे, मी मागे, मधे दार.
अक्रोडाचं. सहा फुटांचं. कडी अजून लागलेली,
पावलागणिक ती खुळखुळते,
घरात कुणी आहे
आणि उठून यायला उशीर करतंय, तशी.

राचाच्या डोंगरात, सकाळी अकराच्या सुमारास
दोन वाटा फुटतात तिथे तो बसलेला दिसला,
दार गुडघ्यांना टेकवून.
सत्तरीचा असेल. मिशा तंबाखूने पिवळ्या.
मी दाराकडे बोट दाखवलं,
मग स्वतःकडे, मग पुन्हा दाराकडे.
भाषा म्हणून एवढीच होती माझ्याजवळ,
आणि जॉर्जियात तीन आठवड्यांत पाठ केलेले बारा शब्द,
त्यातले चार भाज्यांचे.

त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं.
मी जाणार होते त्या वाटेकडे पाहिलं,
उजवीकडच्या, रुंद, मळलेल्या.
आणि दाराचं एक टोक उचलून
माझ्या हातात दिलं.

खरं सांगते, मला फार बरं वाटलं.
म्हातारा माणूस, चढ, ओझं,
आणि नेमकी तिथे मी.
रात्री वहीत काय लिहायचं
ते पहिल्या वळणाआधीच ठरून गेलं.

दुसऱ्या वळणाला वही विसरले.
दार जड असतं.
भिंतीत असताना कळत नाही, आपण एका बोटाने लोटतो.
बिजागरीचं लोखंड तळव्यात रुतलं,
खांदा भरून आला,
मी चक्क शिव्या दिल्या, मराठीत, मोठ्याने,
बँकेच्या काउंटरमागे एकतीस वर्षं गिळलेल्या.
ओतिया न वळता म्हणाला, "हो, हो."
त्यांच्याकडेही होकाराला हो म्हणतात.
हे मला त्या चढावर कळलं
आणि मग मी आणखी दोन दिल्या.

ओढ्यावरच्या साकवाची मधली फळी वाहून गेलेली.
त्याने दार आडवं टाकलं, हाताने खूण केली: आधी तू.
मी बूट काढले.
का, ते सांगता यायचं नाही.
कुणाच्या घरच्या दारावर पाय द्यायचा तर
बूट घालून कसा द्यायचा?
ओल्या लाकडावर ते शहाणपणाचंही नव्हतं.
पलीकडून वळून पाहिलं तर
तोही वाकून नाड्या सोडत होता.

कुरणात तेच दार जमिनीवर ठेवून जेवलो.
मक्याची भाकरी, खारट चीज, कांदा.
त्याने चाकू काढायच्या आत मी कांदा बुक्कीने फोडला,
तो इतका हसला की मिशीभर भाकरीचे कण.
दाराच्या मधोमध कोरलेला सूर्य,
त्यावर आमचं मीठ.
खालच्या कोपऱ्यात मांजरासाठी कापलेलं भोक.
वरच्या गावात आता कुणी राहत नाही, हे त्याने
हाताची मूठ उघडून, फुंकर मारून सांगितलं.

नवं घर खाली, रस्त्यालगत.
विटा उघड्या, गिलावा व्हायचा.
भिंतीला टेकून उभं होतं दुसरं दार,
तोच सूर्य, तेवढंच उंच.
"ते गेल्या गुरुवारी आणलं," त्याची नात त्सिरा म्हणाली.
ती कुतैसीच्या हॉटेलात कामाला, इंग्रजी बोलते.
"एकट्याने. पाठीला दोरीने बांधून."

मग आज?

तिने आजोबांना विचारलं. ते बिजागरी जुळवत होते,
तोंडात दोन खिळे, त्यातून जे बोलले
ते तिने मला सांगितलं:
उजवीकडची वाट एप्रिलमध्ये कड्यासकट खाली गेली.
हिला कसं सांगणार?
हात पकडून ओढली असती तर घाबरली असती.
हातात काहीतरी दिलं की माणूस मागून येतो.

मी काहीच बोलले नाही.
तळव्यावर बिजागरीचा ठसा होता, लालभडक, तीन भोकांसकट.

दार चौकटीपेक्षा बोटभर उंच निघालं.
ओतिया रंधा आणायला गेला,
जाताना मला म्हणाला, धर.
म्हणजे तसंच काहीतरी म्हणाला.
मी धरून उभी.
कुठूनसं एक करडं मांजर आलं,
दारापाशी थांबलं, हुंगलं,
आणि दोन्ही बाजूंना एवढी जागा मोकळी असताना
त्या भोकातूनच आत गेलं.