हजर चौदा, शिवाय एक कुत्रा

गावाचं नाव लिहायचं एक आणि म्हणायचं कीथली.
तिथल्या बुधवार म्युझिक क्लबच्या सहा वह्या
हल्ली माझ्या शिवणयंत्राखाली असतात.
लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, इतिहास लिहून द्या,
दोन पानं पुरेत, भिंतीवर लावू.
पहिली वही उघडली. लोकरीचा वास. अजून.

ऑक्टोबर छप्पन्न. फ्लीस नावाच्या पबचा माळा.
हजर चौदा, शिवाय एक कुत्रा.
ठराव पहिला: बिअर खाली, गाणं वर.
ठराव दुसरा: पहिला ठराव रद्द.
शिल्लक दोन पौंड अकरा शिलिंग.
खाली सही, एनिड सग्डन, चिटणीस.
दिवसा गिरणीत तुटले धागे सांधायची,
अक्षरही तसंच, एकही सुटं नाही.

त्रेसष्टच्या जानेवारीत नळ गोठले. हजर चार.
हातमोजे घालून कॉन्सर्टिना वाजत नाही
असं सिद्ध झालं.

सदुसष्टात वाद. गिटारला वीज द्यावी का?
सात विरुद्ध सात.
अध्यक्षांनी प्लग हातात धरून बराच वेळ विचार केला,
असं वहीतच आहे,
आणि नाही म्हणाले.
हेडली बर्टविसल खुर्ची उचलून घरी गेला. खुर्ची त्याचीच होती.
अकरा वर्षांनी आला, तीच खुर्ची घेऊन.
कुणी काही विचारलं नाही.
वहीत एवढंच: खुर्च्या, एक जास्त.

मी सापडते चौऱ्याहत्तरात.
'एक भारतीय बाई. ऐकत बसली. चहाचे पैसे दिले.'
पुढच्या बुधवारी मी शेरू, त्यापुढच्या शर्यत.
शरयू व्हायला दीड वर्ष लागलं,
तेही पेटी नेली तेव्हा.
दिगंबरने ती खांद्यावरून तेवीस पायऱ्या चढवली
आणि तसाच रात्रपाळीला गेला.
त्याचं नाव वहीत नाही. आता मी घालते आहे.

विल्फने भात्याशी नाक नेलं, म्हणाला,
ही तर आमच्या कॉन्सर्टिनाची मावशी!
खरंच की. आत तशीच पितळेची जीभ, तोच वारा.
त्याचा एक सूर महिनाभर मुका होता.
इस्लामपुरात माझे वडील पेट्या दुरुस्त करायचे,
तेवढ्या भांडवलावर मी सुई घातली,
लोकरीचा एक तंतू निघाला.
मी म्हटलं, काळी एक. तो म्हणाला, सी शार्प.
सूर बोलला, तेव्हा दोघंही गप्प बसलो.

एकोणऐंशी. तीन पानं, प्रत्येकावर एकच ओळ:
'सभा झाली नाही. खुर्च्या मांडल्या होत्या.'
एनिडचा नवरा गेला होता.
तिला त्रास नको, म्हणून आम्ही तीन बुधवार गेलोच नाही.
आम्हाला वाटलं, आपण फार समंजस आहोत.
हे मला वही वाचेपर्यंत माहीत नव्हतं.
एनिड पुढे वीस वर्षं भेटत होती,
बोलली नाही.

मग फ्लीसचे फ्लॅट झाले.
क्लब लायब्ररीच्या तळघरात आला.
तिथल्या ओलीने माझ्या पेटीच्या तीन पट्ट्या फुगल्या,
दोन अजून तशाच आहेत.

दिगंबर गेला त्या आठवड्यात, बुधवारी, दार वाजलं.
सहा जण. बाहेर गारांचा मारा.
हेडली नव्हता, त्याची खुर्ची होती.
सांत्वन वगैरे कुणी केलं नाही.
पेटी कुठे ठेवलीस, असं विचारलं,
आणि सोफा भिंतीला सरकवला.
वहीत मी लिहिलं, हजर सात.
मग खोडून आठ केलं. मग पुन्हा सात.
ती खाडाखोड तशीच आहे, पाचवी वही, शेवटून चौथं पान.

आता दोन पानांत हे बसवायचं कसं?
शिवाय एक गोष्ट कुठेच सापडत नाही,
त्या कुत्र्याचं नाव.
मंगळवारी वृद्धाश्रमात जाऊन विल्फला विचारलं.
त्याला मी कोण ते लगेच आठवलं नाही.
कुत्रा आठवला.
म्हणाला, नाव सोड गं,
पण सुरात होता.