इतर – २

रजिस्टरात रकाने ठरलेले:
बैल, म्हैस, शेळी, कोंबडी.
सिंदेवाहीच्या दवाखान्यात वीस वर्षं मी पट्टीबंधक.
पाल मला ठाऊक ती मनात चुकचुकणारी.

पेंदामांची रोशनी टेबलावर
लोणच्याची बरणी ठेवते.
"तेंदूच्या पुड्यात सापडल्या. पाळतो म्या.
कोन्त्या जातीच्या हायेत?"

जात.
मी टॉर्च लावतो.
एकीचं पोट कंदिलाच्या कागदासारखं,
आत दोन पांढरे वाटाणे.
दुसरीची बोटं भिंतीची नव्हेत, मातीची,
आणि ती पापणी मिटते.
सावकाश. माझ्याकडे बघून.
पहिलीला पापणीच नाही,
ती जिभेनं डोळा पुसते.

"म्हंजे बहिनी नोहेत?"
"नोहेत."
"मंग एका बरणीत कायले ठेवू?"

चिठ्ठीवर लिहितो: दोन भांडी, झाकणाला भोकं.
पहिलीला वाटी नको, काचेवर पाणी शिंपड.
शेपटी धरू नको,
मागितली तर देऊन टाकतात.
अंडी घातली की झाकण काढ.

"अन् हे दुसरी?"
"अंधार पडला की तिच्या झाडाखाली."

ती गप्प.
मी 'इतर – २' लिहितो.
पुढचा रकाना: मालकाचं नाव.

रोशनी बरणी माझ्याकडे सरकवते.
"त्यायलेच इचारा."