किल्ली माझ्याकडे आहे

श्रीरंग, घरपट्टी वेळेआधी भर, सूट मिळते.
मुखत्यारपत्र भावाच्या नावे नको.
भाऊ चांगला आहे, म्हणूनच नको.
वकिलाला दे, फी दे, पावती घे.

विजेचं बिल शून्य युनिटचं आलं तरी भर.
मागल्या साली म्हसकरांचं मीटर काढून नेलं
आणि ते दोह्यातून फोन लावत बसले.
तिथे कामाचा वार, इथे रविवार.

भाडेकरू ठेवायचा तर आधी पोलिसांत नोंद.
"ओळखीतला आहे हो" असं कुणी म्हणालं
की अनामत दोन महिन्यांची वाढव.

गॅस बंद आहे. गीझर बंद आहे.
नळ मात्र पंधरा दिवसांनी सोडावे लागतात,
नाहीतर वॉशर सुकतात.
मी सोडते. आधी हवा ठसकते,
मग तांबडं पाणी,
मग बऱ्याच वेळाने स्वच्छ.
ती बादली तुझ्या रिकाम्या कुंडीत ओतते.
कुंडीत आता कढीपत्ता आहे.
तुला विचारलं नव्हतं.

आणखी एक, सोसायटीच्या वहीत नसलेलं:
तुझ्या बाल्कनीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो,
माझ्या खिडकीतून पार्किंग.
नळ वाहतो तोवर मी तिथे बसते,
मेथी निवडते.
कधी नळ बंद केल्यावरही.

विकायचं ठरवलंस
तर दलालाच्या आधी मला कळव.
घेणार नाही मी, ऐपत कुठली.
खुर्ची तेवढी माझी आहे,
उचलून आणेन.