मानेवरचा आळ

कुताइसीत, रिओनीच्या पुलावरून उतरताना
चांभाराला लागून अरुंद दुकान होतं वडिलांचं.
घड्याळं दुरुस्त करायचे.
नाव ओटिया, पण गल्ली म्हणायची 'अकराचा काटा',
कारण मान कायम उजव्या खांद्याकडे.

आई म्हणायची, मी फसले.
पहिल्या भेटीत वाटलं, हा माणूस
माझं बोलणं किती मन लावून ऐकतोय.

साठीला टेकले तशी मान आणखी कलली,
संध्याकाळी मानेत गोळे यायचे, दगडासारखे.
नसांच्या डॉक्टरांनी दोन्ही हातांनी डोकं सरळ केलं,
सोडलं, ते गेलं परत आपल्या जागी,
आणि त्यांनी कागदावर लांबलचक नाव लिहिलं: सर्व्हायकल डिस्टोनिया.
मेंदू मानेला भलतेच हुकूम देतो, म्हणाले.
"हनुवटीला बोट लावा. पुष्कळांची मान तेवढ्यानं सरळ येते."
वडिलांनी लावलं. काही झालं नाही.
हे मात्र कागदावर आलं नाही.

दर तीन महिन्यांनी सुया.
चौथ्या खेपेला घास उतरेना,
महिनाभर नुसतं घेवड्याचं पातळ कालवण.
मान लुळी पडली, तरी कलायची तिकडेच,
जणू तिला कुणी हुकूम देत नव्हतं,
तिचंच तिकडे काही काम होतं.

तीस वर्षं मी दुपारी जेवण नेलं,
मक्याची भाकरी, चीज, कधी काकडी,
आणि तीस वर्षं मला दिसलं नाही.
मार्चमधल्या एका मंगळवारी दिसलं:
एका डोळ्यात भिंग खोचलेलं, दुसरा मिटलेला,
पुढ्यात पोट उघडलेलं मनगटी घड्याळ,
आणि मान सरळ. ओळंबा सोडावा तशी.
भिंग काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
अकरा वाजले.

तिबिलिसीच्या दवाखान्यात बाकावर सगळे वाकडे.
झेस्ताफोनीचं तान्हं बाळ, दूध घशाशी आलं की पिळवटायचं;
एक शिपाई, उलटीच्या गोळीनं रात्रीत मान धरलेली,
एका इंजेक्शनवर हसत घरी गेला;
मक्वाला आजी, जिचं डोकं सारखं 'नाही, नाही' हलतं,
बाजारात भाव आपोआप उतरतो, म्हणाली.
ताप आणि वाकडी मान घेऊन आलेल्या मुलाला
रांग मोडून पळवत आत नेलं, तेव्हा कुणी हसलं नाही.
आणि कोपऱ्यात एक शिक्षिका, हनुवटीला बोट टेकून ताठ बसलेली.
तिला ते लांबलचक नाव खरंच होतं.
बोट काढलं की कळायचं.

डॉक्टर नानुली डोळ्यांच्या.
मानेला हातच लावला नाही त्यांनी.
तळहातानं वडिलांचा एक डोळा झाकला
आणि डोकं हळूहळू वर आलं,
पाण्याखाली धरलेला बूच सोडावा तसं.
मग जुने फोटो मागितले.
शाळेचा, तिसरी रांग: कललेला.
लष्करातला, टोपीसकट: कललेला.
लग्नातला, आईचं डोकं एका बाजूला, यांचं दुसऱ्या.
डोळा फिरवणारी एक नस जन्मापासून दुबळी,
सरळ पाहिलं की एकाचे दोन दिसायचे,
मान कलली की दोनाचा एक.
साठ वर्षं ती बिचारी जग जुळवत होती,
आणि आम्ही? चोर सोडून संन्याशाला सुळी.

"जिन्याला दोन कडा दिसायच्या," वडील म्हणाले,
"मला वाटायचं सगळ्यांनाच दिसतात,
म्हणून तर लोक कठडा धरतात."

लोलकाच्या काचेचा चष्मा आला.
मान पूर्ण सरळ झाली नाही, इतक्या वर्षांचे स्नायू,
साडेअकरा म्हणा.
त्या रात्री जेवताना आई चांभाराच्या भाड्याचं काहीतरी सांगत होती,
मध्येच थांबली. "ऐकताय ना?"
"ऐकतोय."
"दिसत नाही तसं."
वडिलांनी चष्मा काढून मिठाच्या वाटीजवळ ठेवला.